मर्टार्विक म्हणजे पाणवठा

प्रेषक: गोठलेली_मिरची, शनिवार, २२:१०

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी अलास्कात अँकरेजला राहते, एका शाळेत मदतनीस आहे. माहेर सांगलीचं, त्यामुळे पूर मला नवा नाही. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर पाणी होतं. ते ओसरलं, मग गाळ उपसला, गाद्या फेकल्या, भिंती दिवाळीपर्यंत ओल धरून होत्या. पण घर होतं तिथेच होतं. पाणी येतं आणि जातं, घर राहतं, ही माझी पुराची समजूत.

२०२५ च्या ऑक्टोबरात ती मोडली. हालाँग नावाच्या चक्रीवादळाचं उरलंसुरलं शेपूट ११-१२ तारखेला अलास्काच्या नैऋत्य किनाऱ्यावर आदळलं. तिथे युकॉन आणि कुस्कोक्विम या दोन नद्यांचा त्रिभुज प्रदेश आहे, सपाट, ताटासारखा. किपनुक आणि क्विगिलिंगोक ही तिथली युपिक या मूळनिवासी लोकांची गावं. किपनुकची वस्ती सातशेच्या आसपास, क्विगिलिंगोकची चारशेच्या आत. रात्री घरं खांबांवरून सुटली आणि आतल्या माणसांसकट तरंगत निघाली. क्विगिलिंगोकमध्ये एक बाई गेली, दोघे बेपत्ता झाले. किपनुकमधली दहातली नऊ घरं एक तर मोडली किंवा जागेवर उरली नाहीत. बाहेरून तिथे जायला रस्ता नाहीच. मग लष्कराच्या मालवाहू विमानांत लोकांना फरशीवर दाटीवाटीनं बसवून ८०० किलोमीटरवर अँकरेजला आणलं.

त्यातली काही मुलं आमच्या शहरात एका सरकारी शाळेत युपिक माध्यमाचा वर्ग आहे, तिथे आली. मी तिथेच असते. पहिल्या आठवड्यात मुलांच्या तोंडून घरांपेक्षा फ्रीजरबद्दल जास्त ऐकलं. अख्ख्या हिवाळ्याची बेगमी त्यात असते: सील, मूस या मोठ्या हरणाचं मांस, वाळवलेला सामन मासा, टंड्रावर वाकून वाकून वेचलेल्या बेरी. ते सगळं गेलं. विमा नाही, पावती नाही, भरपाईच्या फॉर्मात त्याला रकाना नाही.

धागा काढायचं कारण वेगळंच. एकदा चहाच्या वेळी कुणीतरी सहज म्हणालं, "असल्या चिखलात गाव वसवतं का कुणी?" उत्तर मला आलं नाही. म्हणून वाचत बसले, शाळेत येणाऱ्या आजीबाईंना विचारलं. उत्तर असं निघालं की त्यांनी वसवलंच नव्हतं.

हे लोक ऋतूप्रमाणे फिरायचे. हिवाळ्याचा मुक्काम वेगळा, वसंतात सीलच्या शिकारीचा वेगळा, उन्हाळ्यात मासेमारीचा वेगळा. जमीन दगा देते, नदी पात्र बदलते, हे त्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. म्हणून घरही हलतं ठेवलेलं. विसाव्या शतकात सरकारनं शाळा काढल्या. शाळा हलत नाही. मुलं शाळेत घालायची तर आईबाप तिथेच राहणार. आणि शाळा कुठे बांधायची? तर बांधकामाचं सामान घेऊन येणारी बार्ज नदीतून जिथवर जाऊ शकेल तिथे! न्यूटोक नावाचं गाव १९४९ च्या सुमारास आपल्या आजच्या जागी आलं ते असंच. 'आजच्या' लिहिलं खरं, पण न्यूटोक आता तिथे नाही.

त्याची गोष्ट उद्या लिहिते. इथे रात्र... नाही, इथे सकाळ आहे, पण काळोख रात्रीसारखाच.

प्रेषक: दगडधोंडे, शनिवार, २३:०२

उत्तम धागा. पहिल्याच धाग्यात एवढी तयारी! पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

भूशास्त्राचा विद्यार्थी म्हणून थोडी भर घालतो. त्या प्रदेशातली जमीन म्हणजे गाळ आणि बर्फ यांचं मिश्रण. त्याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. 'कायमगोठ' असा शब्द कुणी तरी सुचवेलच, माझी हरकत नाही. उन्हाळ्यात वरचा हातभर थर वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. खालचा कायम गोठलेला राहायचा. दक्षिणेकडच्या भागात तो कसाबसा शून्याखाली असतो, उणे अर्धा, उणे एक अंश. म्हणजे तापमान एखाद्या अंशानं वाढलं तरी खेळ खलास. आणि आर्क्टिक १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापतंय, असं २०२२ सालच्या अभ्यासात आलं होतं.

बर्फ वितळला की त्याची जागा रिकामी होते आणि जमीन खचते. खचलेल्या जमिनीवर समुद्र सहज चढतो. आणि नदीकाठी बर्फानं धरून ठेवलेला गाळ मोकळा झाला की काठ ढेकळासारखे सुटतात.

घरं खांबांवर का, हेही सांगतो. घर आतून तापवलेलं असतं. ते थेट जमिनीवर ठेवलं तर स्वतःच्याच उबेनं स्वतःखालची जमीन वितळवून खाली जाईल. म्हणून मध्ये वारा खेळता ठेवायचा. मोठ्या इमारतींखाली थर्मोसायफन पुरतात. बंद नळी, आत थोडा द्रव. हिवाळ्यात खालच्या टोकाला जमिनीची उष्णता घेऊन त्याची वाफ होते, वाफ वर जाते, थंड हवेत उष्णता टाकून पुन्हा द्रव होऊन खाली येते. वीज नको, पंप नको. उन्हाळ्यात वर गरम झालं की आपोआप थांबतं. अलास्काच्या तेलवाहिनीच्या खांबांत अशा सव्वा लाखाच्या आसपास नळ्या आहेत. तेल नेण्यासाठी जमीन गोठलेली ठेवायची सोय आहे आणि ते तेल जाळून... असो. राजकारण नको.

प्रेषक: बेरकी_बोका, रविवार, ००:१५

एक भाबडा प्रश्न. जग खेड्यातून शहरात आलं. आमचे आजोबा रत्नागिरीहून मुंबईला आले, चाळीत राहिले, कुणी अश्रू ढाळले नाहीत. सातशे माणसांना अँकरेजमध्ये फ्लॅट देणं स्वस्त की समुद्राशी भांडणं? अमेरिका श्रीमंत आहे म्हणून हे चोचले.

प्रेषक: अनवट, रविवार, ००:४०

@बोका, आजोबा स्वतःहून आले, आणि गणपतीला, शिमग्याला गावी जात होते ना? गाव होतं म्हणून जात होते.

प्रेषक: गोठलेली_मिरची, रविवार, ११:२५

@दगडधोंडे, धन्यवाद. मला हे इतकं नीट सांगता आलं नसतं.

आता न्यूटोक. निंग्लिक नदीच्या काठावर साडेतीनशे माणसांचं गाव. नदी दरवर्षी सरासरी ७० फूट काठ खायची. हे गाव काही कुणी वाचवायला येईल म्हणून थांबलं नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांचं स्वतःचं ठरलं होतं की हलायचं, आणि जागाही त्यांनीच निवडली: नऊ मैलांवर नेल्सन बेटावर, उंचावर, खाली खडक असलेली. ती जमीन केंद्र सरकारच्या वन्यजीव अभयारण्याची होती. अदलाबदलीला अमेरिकन संसदेची मंजुरी मिळायला २००३ उजाडलं. पहिली कुटुंबं राहायला गेली ऑक्टोबर २०१९ मध्ये. शेवटची २०२४ च्या शरदात.

मोजा. ठरवल्यापासून जवळजवळ तीस वर्षं.

मधली पाच वर्षं तर गाव दोन ठिकाणी होतं. एक तृतीयांश माणसं नव्या गावात, बाकीची जुन्या. शाळा दोन, डिझेलचे जनरेटर दोन, आजी इकडे, नातू तिकडे. जुन्या गावात आता कोण पैसे घालणार? त्यामुळे तिथलं सगळं मोडकळीला आलेलं, आणि तिथेच कोव्हिड काढला.

नव्या गावाचं नाव मर्टार्विक. युपिकमध्ये अर्थ पाणी भरायची जागा. आपला पाणवठा! ऐकल्यावर मला एवढा आनंद झाला होता. आणि मग कळलं की मर्टार्विकच्या बहुतेक घरांत नळाचं पाणी नाही. संडास म्हणजे प्लास्टिकची बादली, तिला इकडे 'हनी बकेट' म्हणतात, थट्टेनं. पाणवठा नावाच्या नव्याकोऱ्या गावात बाई पाणी वाहून आणते. काही घरं इतकी घाईत आणि तिथल्या हवामानाचा विचार न करता बांधली गेली की पाचसात वर्षांत भिंतींना बुरशी, फरशी फुगलेली.

प्रेषक: कोयनाकाठ, रविवार, १२:१०

ताई, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून हसू आलं. वाईट वाटून घेऊ नका.

आमचं घराणं कोयनेचं. १९६० च्या आसपास धरणासाठी उठलो. जमिनीचे प्रश्न माझ्या वडिलांच्या हयातीत सुटले नाहीत, माझ्याही सुटतील असं वाटत नाही. आमच्याकडे कायद्यात 'अठरा नागरी सुविधा' असा शब्द आहे. पुनर्वसित गावठाणाला शाळा, रस्ता, स्मशान, पिण्याचं पाणी वगैरे द्यायचंच. ज्या नदीचं पाणी अडवायला उठलो, त्या पाण्यावर दिवे लागले मुंबईत, आणि आमच्या गावठाणात उन्हाळ्यात टँकर. त्यामुळे पाणवठ्याला पाणी नाही यात आम्हाला नवल नाही.

पण एक फरक लक्षात घ्या. आम्हाला 'उठा' म्हणणारं सरकार होतं, म्हणून निदान प्रकल्पग्रस्ताचा दाखला तरी मिळाला. मोर्चा कुणावर काढायचा ते माहीत होतं. या लोकांना नदीनं उठवलं. नदीच्या दारात उपोषण कसं करायचं?

प्रेषक: वकिलीण_बाई, रविवार, १३:३५

@कोयनाकाठ, हाच तर कायद्याचा पेच आहे.

अमेरिकेत आपत्तीची मदत ज्या कायद्याखाली मिळते त्यात आपत्ती म्हणजे घटना. वादळ, भूकंप, पूर. तारीख हवी. रोज थोडा काठ खचतो याला तारीख नाही. न्यूटोकनं तरीही अर्ज केला होता, आमची धूप हीच आपत्ती माना म्हणून. जानेवारी २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. गंमत बघा, युपिक भाषेत या प्रकाराला शब्द आहे, उस्तेक: गोठलेली जमीन वितळते, पाणी शिरतं, काठ ढासळतो, सगळं मिळून एकच कोसळणं. अलास्का राज्यानं २०१८ च्या आपत्ती आराखड्यात हा शब्द जसाच्या तसा घेतला. इंग्रजीत नाव नव्हतं म्हणून संकटालाही जागा नव्हती.

मोर्चा कुणावर, याचं उत्तर शोधायचा प्रयत्न किव्हलिना या इन्युपियाट गावानं केला. चारशे वस्तीचं गाव. २००८ साली त्यांनी एक्सॉनमोबिलसह दोन डझन तेल, वीज आणि कोळसा कंपन्यांवर दावा लावला की तुमच्या धुरानं आमचा बर्फ गेला, गाव हलवायचा खर्च द्या. २००९ मध्ये खालच्या कोर्टानं सांगितलं, हा राजकीय प्रश्न आहे. २०१२ मध्ये अपील फेटाळलं गेलं आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ऐकायलाच नकार दिला. त्याआधी २००५ साली कॅनडाच्या शीला वॉट-क्लूटिए यांनी इन्युइट लोकांच्या वतीनं अमेरिका खंडांच्या मानवी हक्क आयोगाकडे अर्ज केला होता. थंडी हा आमचा हक्क आहे, असा युक्तिवाद. तो अर्जही पुढे गेला नाही, पण मुद्दा अजून जिवंत आहे.

थंडीचा हक्क! आपण एसीच्या बिलावर भांडतो.

प्रेषक: बेरकी_बोका, रविवार, १४:००

भावना कळल्या. आकडे कुणी देईल का? न्यूटोक हलवायला किती लागणार होते?

प्रेषक: दगडधोंडे, रविवार, १४:२०

लष्कराच्या अभियंत्यांचा जुना अंदाज ८ ते १३ कोटी डॉलर. मी तुझ्यासाठी भागाकार करून ठेवलाय: वरचा आकडा धरला तर माणशी पावणेचार लाख डॉलर. नाच आता.

पण हेही बघ. अमेरिकेच्या महालेखापालांसारखी जी संस्था आहे तिनं २००३ साली अलास्कातल्या २१३ मूळनिवासी गावांपैकी १८४ गावांना पूर किंवा धुपीचा त्रास असल्याचं नोंदवलं. २००९ मध्ये त्यातली ३१ तातडीच्या धोक्यात होती. न्यूटोक हे त्यातलं पूर्णपणे हललेलं पहिलं गाव. शिशमारेफनं २००२ मध्ये आणि २०१६ मध्ये अशी दोनदा मतदान करून हलायचं ठरवलं. दुसऱ्या वेळी ८९ विरुद्ध ७८, म्हणजे गाव दुभंगलेलं. आजही ते तिथेच आहे, त्याच वाळूच्या बेटावर.

प्रेषक: गोठलेली_मिरची, रविवार, १६:४५

@बोका, रागावत नाहीये, पण फ्लॅटबद्दल सांगते. इथे आलेल्या लोकांना आधी मोठ्या सभागृहांत खाटांवर आणि मग हॉटेलांच्या खोल्यांत ठेवलं. एका आजोबांना मी विचारलं, काही हवंय का? ते म्हणाले, करायला काम नाही. साठ वर्षं रोज सकाळी उठून ज्यानं आकाश आणि बर्फ बघून दिवस ठरवला, तो हॉटेलात काय करणार? टीव्ही होता. शहरात मासे दुकानात मिळतात, पण दुकानातून आणलेला मासा वाटून खायचा नसतो, विकत घेतलेला असतो. गावात पहिल्या शिकारीचं मांस घरोघर वाटतात, वर्षभराची नाती त्यावर चालतात. शहरात ती साखळी तुटते आणि मागोमाग भाषा जाते.

आणि चोचल्यांबद्दल. किपनुकला नदीकाठ बांधून काढायला २ कोटी डॉलरचं केंद्रीय अनुदान मंजूर झालं होतं. मे २०२५ मध्ये ते रद्द केलं. पाच महिन्यांनी गाव वाहून गेलं.

प्रेषक: बेरकी_बोका, रविवार, १७:१०

अनुदान राहिलं असतं तरी पाच महिन्यांत बांध झाला असता का? सामान बार्जनं येणार, बर्फाचे महिने वजा. हे जोडणं मला भावनिक वाटतं.

प्रेषक: गोठलेली_मिरची, रविवार, १७:३०

मान्य. त्या वादळापर्यंत झाला नसता, आणि झाला असता तरी एवढ्या पाण्यापुढे टिकला असता का, तेही सांगता येत नाही. माझं वाक्य चुकलं. राग अनुदान रद्द करताना वापरलेल्या भाषेचा आहे, उधळपट्टी म्हणाले होते.

प्रेषक: अनवट, रविवार, १७:४०

मराठी संस्थळावर "माझं वाक्य चुकलं" लिहिलेलं पाहून डोळे पाणावले. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

प्रेषक: सागरगोटा, सोमवार, ०५:५०

उशिरा आलो. कॅनडात न्यूफाउंडलंडला असतो, सेंट जॉन्समध्ये. धागा सगळा रडका होऊ नये म्हणून आमच्या बाजूची गोष्ट.

लॅब्रॅडोरच्या किनाऱ्यावर नुनात्सियावुत हा इन्युइट लोकांचा स्वशासित प्रदेश आहे. तिथे हिवाळ्यात रस्ता म्हणजे गोठलेला समुद्र. शिकार, सरपण, पाहुणे, सगळं त्यावरून. २००९-१० चा हिवाळा भलताच उबदार गेला, बर्फ नीट धरलाच नाही, माणसं पाण्यात पडली. त्यानंतर तिथलं सरकार आणि इथल्या मेमोरियल विद्यापीठातले ट्रेव्हर बेल यांनी मिळून स्मार्टआइस उभं केलं. कल्पना साधी आहे. बर्फाच्या घसरगाडीवर, म्हणजे कामुटिकवर, एक पेटी ठेवायची. तिच्यातला विद्युतचुंबकीय संवेदक जाता जाता खालच्या बर्फाची जाडी मोजतो. गाडी स्नोमोबिलला बांधून गावातलाच माणूस फिरवतो. शिवाय काही ठिकाणी बर्फात उभी नळी रोवून ठेवतात, ती तापमानावरून जाडी कळवत राहते.

मला यातलं आवडतं ते असं की कुठे मोजायचं हे विद्यापीठ ठरवत नाही. गावातले जाणते शिकारी बसून ठरवतात: इथे प्रवाह आहे, इथे दरवर्षी बर्फ उशिरा धरतो, इथून मुलं शॉर्टकट मारतात. मग तिथे पेटी जाते. नेन या गावी सुरू झालं, नंतर कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात पाँड इनलेटला, मग पुष्कळ गावांत.

दुसरं, सिकू नावाचं ॲप. सिकू म्हणजे समुद्रावरचा बर्फ. हडसनच्या उपसागरातल्या सानिकिलुआक या बेटावरच्या लोकांनी स्थापलेल्या संस्थेचं, २०१९ पासून चालू आहे. उपग्रहाचं चित्र, हवामान आणि त्यावर लोकांनी टाकलेल्या नोंदी: इथे फट पडली आहे, इथे सील दिसले. बर्फाच्या प्रकारांची नावं त्यांच्याच भाषेतली. आणि नोंद ज्याची, मालकी त्याची.

प्रेषक: अनवट, सोमवार, ०९:१५

म्हणजे एस्किमोंना बर्फासाठी शंभर शब्द, ते खरं का शेवटी?

प्रेषक: सागरगोटा, सोमवार, १०:३०

तो शब्द आता वापरू नका, त्यांच्यातल्या अनेकांना आवडत नाही. आणि शब्द मोजण्यात अर्थ नाही. आपल्याकडे पावसाचे किती शब्द? सर, झड, भुरभुर, रिमझिम, वळीव, झिमझिम, मुसळधार. शेतकऱ्याला त्यातल्या प्रत्येकाला वेगळं काम असतं. तसंच आहे. कोणत्या बर्फावर माणूस चालेल, कोणत्यावर गाडी, कोणता भरतीच्या वेळी तडकेल, हे शब्दातच आहे. पोराला शब्द येत नसेल तर पोरगं बुडतं.

म्हातारे लोक भाल्यानं बर्फ ठोकून बघतात. पेटीनं मोजून झाल्यावरही ठोकतात. मी एकाला विचारलं, पेटीवर विश्वास नाही का? म्हणाला, पेटीची बॅटरी संपते.

प्रेषक: फ्योर्डवाला, सोमवार, १३:२०

नॉर्वेतून. इथल्या सामी या मूळनिवासी लोकांची बाजू राहिली म्हणून लिहितो. पंढरपूरच्या माणसाला रेनडियरबद्दल बोलायचा काय अधिकार, पण माझा घरमालकच पशुपालक आहे.

रेनडियर हिवाळ्यात बर्फ खुरांनी उकरून खालचं शेवाळासारखं दगडफूल खातो. मऊ बर्फ कितीही असो, तो उकरतो. पण आता डिसेंबर-जानेवारीत मध्येच पाऊस पडतो आणि तो गोठला की गवतावर काचेचा थर बसतो. खाणं खाली दिसतं, मिळत नाही. अशा उपासमारीच्या वर्षाला सामी भाषेत गोआव्वी म्हणतात. शब्द जुना आहे, वर्षं वारंवार येऊ लागली आहेत. सैबेरियात यामाल द्वीपकल्पात नोव्हेंबर २०१३ मध्ये असाच पाऊस झाला आणि त्या हिवाळ्यात ६१,००० रेनडियर मेले.

उपाय काय? पेंड. ट्रॅक्टरनं पेंडीच्या गोळ्या नेऊन टाकायच्या. घरमालक म्हणतो, यानं जनावर जगतं पण धंदा मरतो. खर्च आहेच, शिवाय दावणीला गर्दी झाली की डोळ्यांचे रोग पसरतात, पोटं बिघडतात. खरा उपाय त्यांच्याकडे पहिल्यापासून आहे: कळप दुसऱ्या कुरणात न्यायचा. पण दुसरं कुरण उरलंय कुठे? मध्ये रस्ता, धरण, खाण, आणि आता पवनचक्क्या. फोसेन इथे १५१ पवनचक्क्या हिवाळी कुरणावर उभ्या केल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं अकरा न्यायाधीशांच्या एकमतानं सांगितलं, परवाने अवैध, सामींच्या हक्कांचा भंग. पवनचक्क्या फिरतच राहिल्या. ५०० दिवसांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, तरुण सामी पोरांनी ओस्लोत मंत्रालय अडवलं, तेव्हा सरकारनं माफी मागितली. पवनचक्क्या आजही आहेत, नुकसानभरपाईचे करार झाले.

हवामान वाचवायला उभारलेल्या यंत्रानं हवामानाशी जुळवून घेणाऱ्याचीच जागा घेतली. मिरचीताईंची शाळा आणि ही पवनचक्की मला एकाच जातीची वाटते. दोन्ही चांगल्या हेतूनं आल्या आणि दोन्हींनी माणसाला हलता येईना असं केलं.

प्रेषक: बेरकी_बोका, सोमवार, १४:०५

हा मुद्दा पटला. हे आधी कुणी का नाही सांगितलं?

प्रेषक: कोयनाकाठ, सोमवार, १४:१२

पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलं होतं, बोकोबा. वाचायचं असतं.

प्रेषक: वास्कोचा_भाट, सोमवार, २०:००

अवांतर, पण तितकंसं नाही. आमच्या वास्कोत सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र आहे. भारताचं आर्क्टिकमधलं हिमाद्री हे ठाणं तेच चालवतं, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलेसुंडला, जुलै २००८ पासून. २०२१ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध काढला होता: कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी असणं आणि आपल्याकडे सप्टेंबरात होणारी अतिवृष्टी यांचा संबंध असू शकतो. त्यामुळे "तिकडे लांब उत्तरेला" असं काही म्हणता येत नाही.

एक खंत. स्वालबार्डला मूळनिवासी वस्तीच नाही. आपले शास्त्रज्ञ उत्तरेला जातात ते नेमके जिथे विचारायला कुणी आजोबा नाहीत तिथे.

प्रेषक: दगडधोंडे, सोमवार, २०:२०

शेवटचं वाक्य जरा जास्तच देखणं झालंय भाट. तिथे हिमनद्या आणि फ्योर्ड आहेत म्हणून जातात. पण मुद्दा कळला.

प्रेषक: अनवट, सोमवार, २१:३०

मिरचीताई, वर्गातलं आणखी काही लिहा ना. आणि ती मुलं परत जाणार का?

प्रेषक: गोठलेली_मिरची, मंगळवार, ०९:५०

सगळ्यांचे आभार. @फ्योर्डवाला, तुमचा प्रतिसाद छापून आजीबाईंना इंग्रजीत वाचून दाखवला. त्यांनी रेनडियरबद्दल तीन प्रश्न विचारले, त्यातल्या एकाचंही उत्तर मला आलं नाही. तुमच्या घरमालकांकडून काढून द्या: दगडफूल किती वर्षांनी पुन्हा वाढतं, गाभण माद्या वेगळ्या ठेवतात का, आणि कुत्रे कोणते.

परत जाण्याबद्दल एकेका घरात तीन तीन मतं आहेत. म्हातारे जायचं म्हणतात, तरुण आया नाही म्हणतात, त्या रात्री मूल पोटाशी धरून तरंगत्या घरात बसलेल्या आईला कोण काय सांगणार? काहींना गावच उंचावर हलवायचं आहे. न्यूटोकला किती वर्षं लागली हे सगळ्यांना पाठ आहे.

वर्गातली एक गंमत. युपिक आकडे विसाच्या पटीत चालतात. विसाला शब्द आहे युइनाक, त्याचा संबंध माणूस या शब्दाशी: हाताची आणि पायाची बोटं मिळून एक अख्खा माणूस. चाळीस म्हणजे दोन माणसं. मी आजीबाईंना सांगितलं की माझी आजीसुद्धा अंडी आणि आंबे "दोन विसा, तीन विसा" असेच मोजायची. तेव्हापासून माझा भाव वधारला आहे. मुलं मला मराठीत वीसपर्यंत मोजायला लावतात आणि 'एकोणीस'ला हसून लोळतात.

उद्या वर्गात अकुताक करायचं आहे. चरबी फेटायची, साखर घालायची आणि बेरी मिसळायच्या. पूर्वी सील किंवा रेनडियरची चरबी असे, आता पुष्कळ जणी डब्यातलं क्रिस्को नावाचं वनस्पती तूप वापरतात, त्याला आजीबाईंची ना नाही. पण बेरी सुपरमार्केटातून आणल्यात म्हटल्यावर त्यांनी पिशवी उलटीपालटी करून पाहिली, एक तोंडात टाकली आणि पिशवी माझ्याकडे परत दिली. म्हणाल्या, साखर जास्त आण.